स्मार्ट स्विच सारखे ‘ऑफलाइन’ होतायत? या चुका टाळा

आमच्याकडे आठ स्मार्ट स्विच आहेत, म्हणजे वाय-फायवरून ॲपने चालणारे. पहिले दोन महिने त्यातला एक तरी रोज रुसलेला असायचा. मी दोन मॉड्यूल (बोर्डात बटणांमागे बसणारे स्मार्ट स्विचचे छोटे डबे) बदलून आणली, तरी तेच. आई म्हणाली, “बटण दाबलं की दिवा लागायचा, त्यात काय वाईट होतं?” उत्तर नव्हतं. स्विच ठणठणीत होते, गडबड राउटरमध्ये आणि भिंतीतल्या बोर्डात होती.

म्हणून पहिली चूक म्हणजे थेट स्विचला दोष देणं. आधी तो कधी गंडतो ते चार दिवस बघा. लाइट जाऊन आल्यावर? रात्री, सगळी सोसायटी घरी असताना? की एकाच खोलीतला?

लाइट जाऊन आल्यावर गंडत असेल, तर कारण साधं आहे. स्विच दोन-चार सेकंदांत जागा होतो, राउटरला मात्र दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात काही मॉड्यूल वाय-फाय शोधून थकतात आणि पुन्हा प्रयत्नच करत नाहीत. राउटर आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, किंवा राउटरसाठीचा छोटा यूपीएस लावा. घेताना ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या.

रात्री गंडत असेल, तर चॅनल बघा, म्हणजे राउटर ज्या रेडिओ पट्ट्यावर बोलतो तो. वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा बँडवर चालतं. बहुतेक वाय-फाय स्विचना फक्त २.४ कळतं, आणि शेजारच्या दहा घरांचे राउटरही तिथेच गर्दी करून असतात. ‘ऑटो’वर ठेवलेला राउटर मध्येच चॅनल बदलतो आणि स्वस्त मॉड्यूल मागे राहतात. १, ६ किंवा ११ यातला कमी गर्दीचा चॅनल राउटरच्या सेटिंगमध्ये पक्का करा, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ‘मधला म्हणून ३ किंवा ४’ हा शहाणपणा नको, तो १ आणि ६ या दोन्हींच्या गोंगाटात सापडतो. २.४ आणि ५ ला एकच नाव दिलं असेल, तर २.४ ला वेगळं नाव द्या. वाय-फायची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर असेल तर जुनी मॉड्यूल जोडलीच जात नाहीत. डब्ल्यूपीए२ किंवा मिश्र पर्याय निवडा. राउटरमध्ये प्रत्येक स्विचचा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) राखून ठेवला तर आणखी एक कटकट कमी होते.

आता एकाच खोलीतला स्विच. आमच्या बेडरूमच्या बोर्डाचे स्क्रू काढले, तर मॉड्यूल वायरींच्या गुंत्याखाली, सिग्नल अडवणाऱ्या लोखंडी बॉक्सच्या तळाला दाबून बसवलेलं. इलेक्ट्रिशियनने जागा होती तिथे कोंबलं होतं. ॲपमध्ये सिग्नल उणे ८१ डीबीएम (आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला). वायरी बाजूला सारून मॉड्यूल प्लास्टिकच्या प्लेटजवळ आणलं, तर उणे ६६. उणे ७५ च्या खाली गेलं की भरवसा नाही, असं मी धरतो. (बोर्ड उघडण्याआधी एमसीबी, म्हणजे मीटरजवळचा त्या लाइनचा खटका, पाडा आणि तरीही टेस्टर लावून बघा.)

न्यूट्रलबद्दल, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीबद्दल, मात्र कडक राहा. न्यूट्रल न लागणारे स्विच दिव्यातूनच थोडा करंट घेऊन जगतात, त्यामुळे कमी वॉटचे एलईडी बंद असूनही मिणमिणतात आणि स्विचही मध्येच मरतो. आपल्याकडे ज्या बोर्डात प्लगचा सॉकेट असतो, तिथे न्यूट्रल आलेलाच असतो, तो वापरा. “अर्थिंगलाच जोडून देतो, चालतं” असं कुणी म्हणालं, तर काम तिथेच थांबवा. अर्थिंगमधून करंट वाहणं जिवावर बेतू शकतं, आणि घरात आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा खटका) असेल तर तो सारखा पडू शकतो.

पॅसेजमधला एक स्विच अजूनही अधूनमधून गायब होतो. राउटर आणि त्याच्यामध्ये फ्रिज उभा आहे. फ्रिज हलवायचा विषय मी घरात एकदाच काढला.