मिश्रणाची उदाहरणं दोन समीकरणांनी कशी सोडवावीत

दहावीत एकसामयिक समीकरणं झटपट सोडवणारी मुलंही मिश्रणाचं शाब्दिक उदाहरण आलं की अडतात. अडतं ते सोडवताना नाही, मांडताना.

धाराशिव जिल्ह्यात भूम-वाशीकडे दूध खव्याच्या भट्टीलाही जातं आणि डेअरीलाही. समजा, तिथल्या संकलन केंद्रावर म्हशीचं दूध ७ टक्के फॅटचं आणि गाईचं ३.५ टक्क्यांचं आहे. दोन्ही मिसळून ४.५ टक्के फॅटचं ७० लिटर दूध हवंय.

आधी नुसता अंदाज बांधा. ४.५ हे ३.५ च्या जवळ, म्हणजे गाईचं दूध जास्त लागणार. कुणी ८ फॅट मागितलं तर वही उघडूच नका. ७ आणि ३.५ मिसळून ८ होणं शक्य नाही.

मग अक्षरं ठरवा: म्हशीचं दूध 'म' लिटर, गाईचं 'ग' लिटर. 'म = म्हैस' असं लिहू नका, म हा लिटरचा आकडा आहे.

पहिलं समीकरण दुधाचं:
म + ग = ७०

दुसरं फॅटचं, आणि खरी मेख इथेच आहे. पुष्कळ जण ७म + ३.५ग = ४.५ लिहून मोकळे होतात. पण टक्क्यांची बेरीज होत नसते, बेरीज होते ती दुधात असलेल्या फॅटची. म्हणून उजवीकडेही सगळ्या ७० लिटरमधलं फॅट हवं:
७म + ३.५ग = ४.५ × ७० = ३१५
(१०० चा छेद दोन्हीकडे असल्याने उडवला.)

पहिल्याला ३.५ ने गुणून दुसऱ्यातून वजा करा. ३.५म = ७०, म्हणून म = २० आणि ग = ५०. एवढ्यासाठी क्रेमरचे निर्धारक (समीकरणं सोडवायची दहावीतली दुसरी, लांबची रीत) कशाला? ताळा: १४० + १७५ = ३१५.

दुधात पाणी घातल्याचं उदाहरण आलं, तर पाण्याचं फॅट शून्य धरा. बाकी रीत तीच.

कधी एकूण वजन दिलेलंच नसतं. खतांचं उदाहरण घ्या. डीएपी या खतात नत्र (नायट्रोजन) १८ टक्के आणि स्फुरद (फॉस्फेट) ४६ टक्के. युरियात नत्र ४६ टक्के, स्फुरद अजिबात नाही. हिशेबापुरतं धरू, शेताला ४१ किलो नत्र आणि ४६ किलो स्फुरद द्यायचंय (खरी मात्रा माती परीक्षणावरून ठरवावी). इथे बेरजेचं समीकरण शोधत बसू नका, प्रत्येक अन्नद्रव्याचं एकेक मांडा. डीएपी 'ड' किलो, युरिया 'य' किलो:
०.४६ड = ४६
०.१८ड + ०.४६य = ४१

पहिल्यातून ड = १००. तो दुसऱ्यात घातला की ०.४६य = २३, य = ५०. म्हणजे डीएपीच्या ५० किलोच्या दोन गोण्या. युरियाची गोणी ४५ किलोची, तेव्हा एक पूर्ण आणि दुसरीतून पाच किलो.