खोगिरांची खोली कोरडी कशी ठेवाल?

आधी एक हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारे यंत्र, टांगा, दारापासून दूर, खोगिराच्या उंचीवर. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के हवी. ६५ च्या वर बराच काळ राहिली की चामड्यावर बुरशी धरते. ४० च्या खाली चामडे कडक होऊन तडकते.

ओलावा बहुतेक वेळा आपणच आत आणतो. घामाने भिजलेली खोगिराखालची गादी, ओली झूल, नुकताच धुतलेला लगाम हे सगळे बाहेर सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय आत नेऊ नका. खोगीर भिंतीला टेकवू नका, चार बोटे जागा सोडा, कारण गार भिंतीशी दमट हवा अडकते. प्लास्टिकचे आवरण तर नकोच, सुती घाला.

कोरड्या दिवशी खिडक्या उघडा. पावसाळी हवेत मात्र उघडी खिडकी दमटपणा वाढवते. तेव्हा दारे-खिडक्या बंद करून डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढणारे यंत्र, लावा. खोली १५ अंशांपेक्षा गार राहत असेल तर कॉम्प्रेसरवाला मंदावतो, शोषकद्रव्यावर चालणारा घ्या.

बुरशी दिसलीच तर सामान बाहेर न्या, मास्क लावा, कोरड्या फडक्याने पुसा आणि ते फडके टाकून द्या. मग खोगिराचा साबण कमीत कमी पाण्यात वापरा. शिवणी आणि बकलांखालची जागा विसरू नका, बुरशी तिथूनच परतते. सावलीतच वाळवा, ऊन किंवा हीटर नको. शेवटी तेलाचा अगदी पातळ हात द्या. जास्तीचे तेल बुरशीचे खाद्य ठरते.