प्रेअरीतल्या ओसाड गावांवर लिहिताय? या चुका टाळा

उन्हाळा लागला की माझ्याकडे मसुदे यायला लागतात. कॅनडाच्या प्रेअरीतलं, म्हणजे गवताळ मैदानातल्या सस्कॅचवान किंवा अल्बर्टा प्रांतातलं, एखादं बेचिराख गाव, गवतात बुडालेली शाळा, कललेला धान्याचा एलेव्हेटर (रुळाकाठचं उंच कोठार), मावळतीचा फोटो आणि कुठेतरी ‘काळाने गिळलेलं गाव’ हे वाक्य. ते गाव नेमकं कोणतं, कधी वसलं आणि कशाने उठलं, याचा मात्र पत्ता नसतो. त्याच त्या चुका दुरुस्त करून हात दुखले, म्हणून हे लिहून टाकते.

आधी गाडी, मग कागद

सगळ्यात जास्त चीड येते ती या चुकीची. कॅनडाच्या प्रेअरीची मोजणी 1871 मध्ये सुरू झाली आणि त्या मोजणीतून जमिनीला मिळालेला पत्ता म्हणजे इथला सातबाराच समजा. एसडब्ल्यू 2-7-23-डब्ल्यू3 असं दिसलं, तर ते उलटं वाचत यायचं: तिसऱ्या मेरिडियनच्या (मोजणीच्या उभ्या आधाररेषेच्या) पश्चिमेला, रेंज 23 (त्या रेषेपासूनची तेविसावी उभी पट्टी), टाउनशिप 7 (त्या पट्टीतला दक्षिणेकडून सातवा चौकोन), सेक्शन 2 आणि त्याचा नैर्ऋत्येचा चतकोर. टाउनशिप सहा मैल लांब, सहा मैल रुंद. तिच्यात एकेक चौरस मैलाचे 36 सेक्शन. सेक्शनचा चतकोर म्हणजे 160 एकर. 1872 च्या डोमिनियन लँड्स कायद्याने दहा डॉलर फी भरून, राहून आणि कसून दाखवल्यावर वसाहतवाल्याला मिळायचा तो हाच तुकडा.

गोम पुढे आहे. कॅनडात सेक्शनचे आकडे आग्नेय कोपऱ्यातून सुरू होतात आणि नागमोडी वर चढतात. अमेरिकेत ते ईशान्य कोपऱ्यातून सुरू होऊन खाली उतरतात. नवशिक्याला वाटतं, सीमेच्या अलीकडे-पलीकडे गवत सारखं तर मोजणीही सारखीच असणार.

सस्कॅचवानच्या राजधानीत, रेजायनात, नव्याने आलेला एक मुलगा होता. हुशार, हातात कोरा करकरीत ड्रोन आणि धीर शून्य. “काकू, मसुद्यावर नजर टाकता का? उद्या ऑनलाइन टाकतोय.”

“उद्याच कशाला? दोन आठवडे थांब की.”

“रविवारी वाचक जास्त मिळतात हो.”

मी नजर टाकेपर्यंत त्याने ते टाकलंही होतं. गाव सेक्शन 2 मध्ये, आणि त्याने आकड्यांची मांडणी पाहिली अमेरिकी तक्त्यावर. पोचला पाच मैल उत्तरेला. तिथे त्याला काँक्रीटचा पाया, जाड भिंतीचा एक चौकोन आणि मोडकी शेड सापडली. पायाची शाळा झाली, चौकोनाची बँकेची तिजोरी झाली, आणि तिजोरीवर तर त्याने चांगले तीन परिच्छेद लिहिले. आठवडाभरात त्या जमिनीच्या मालकाच्या नातीचा निरोप आला: ती तिजोरी म्हणजे आमच्या आजोबांनी बांधलेला डुकरांचा गोठा, आणि तुम्हाला आमच्या शेतात शिरायला सांगितलं कोणी?

दुसरा प्रश्न जास्त महागाचा होता. 1 जानेवारी 2022 पासून सस्कॅचवानमध्ये खासगी शेतजमिनीत पाऊल टाकण्याआधी परवानगी घ्यावी लागते, पाटी असो वा नसो. ‘कोणी राहत नाही’ म्हणजे ‘कोणाचं नाही’ असं नसतं. रुरल म्युनिसिपालिटीच्या कचेरीत फोन केला की मालकांची नावं असलेला नकाशा मिळतो. मग मालकाला फोन. बहुतेक जण हो म्हणतात, वर विहीर कुठे आहे तेही सांगतात.

माझी सवय अशी: एका इंचाला तीन मैल या मापाचा जुना सेक्शनल नकाशा, शेतकऱ्यांची नावं छापलेला कमिन्स नकाशा आणि आजचं उपग्रहचित्र शेजारी शेजारी ठेवायची. रूळ उखडले तरी भराव राहतो आणि वरून तो सरळ रेघेसारखा दिसतो. त्या रेघेवर तिन्ही ठिकाणी एकच ठिपका जुळला तरच गाडीची किल्ली उचलायची. मेरिडियनचा आकडाही पाहून घ्या. डब्ल्यू2 च्या जागी डब्ल्यू3 वाचलंत तर पावणेतीनशे किलोमीटरच्या वर चुकाल.

सगळं धुळीच्या वादळांवर ढकलणं

हा दुसरा आजार. गाव कोणतंही असो, तिसऱ्या परिच्छेदात 1930 च्या दशकातलं धुळीचं वादळ येतं आणि गावाला घेऊन जातं. वाचायला छान वाटतं आणि लेखकाचे कष्ट वाचतात.

आग्नेय अल्बर्टातलं कार्लस्टाट घ्या. पहिल्या महायुद्धात जर्मन वाटणारं नाव नको म्हणून 1915 मध्ये त्याचं नाव ऑल्डरसन झालं, कॅनडाच्या सैन्याच्या ब्रिटिश सेनापतीवरून. (जुन्या वर्तमानपत्रांत फक्त ‘ऑल्डरसन’ शोधून ‘1915 आधी काहीच सापडत नाही’ म्हणणारेही भेटले आहेत.) या पट्ट्यात दुष्काळ पडायला लागला 1917 पासून. 1920 च्या दशकातच कुटुंबंच्या कुटुंबं उठून गेली आणि 1927 मध्ये प्रांत सरकारला या भागासाठी वेगळा कायदा करावा लागला. धुळीचं दशक उजाडलं तेव्हा तिथे उडवायला फारसं गावच उरलं नव्हतं.

उलट बाजू सस्कॅचवानची. तिथे शेतांची संख्या सर्वाधिक होती ती 1936 मध्ये, म्हणजे ऐन धुळीच्या काळात: 1 लाख 42 हजारांवर. गावं खरी रिकामी झाली युद्धानंतर, ट्रॅक्टर आणि कंबाइन आल्यावर, रस्ते सुधारल्यावर, 1944 च्या कायद्याने शाळांचे मोठे गट झाल्यावर. मुळात ही गावं सात ते दहा मैलांवर एक अशी रुळाकाठी ओवली होती, कारण घोडागाडीने धान्य एलेव्हेटरला टाकून संध्याकाळी घरी परतता आलं पाहिजे. ट्रक आला आणि मधली गावं नकोशी झाली. शेवटचा घाव रेल्वेचा. 1897 च्या करारात ठरलेला धान्यवाहतुकीचा स्वस्त दर, ज्याला इथे क्रो रेट म्हणतात, 1983 मध्ये गेला आणि त्याच्या जागी आलेलं अनुदान 1995 मध्ये थांबलं. फाट्यांवरचे रूळ निघाले, लाकडी एलेव्हेटर पाडले गेले, धान्य दूरच्या काँक्रीटच्या टर्मिनलला जायला लागलं.

तेव्हा आधी चार तारखा काढा: टपाल कचेरी कधी बंद झाली, शाळा कधी, एलेव्हेटर कधी, रूळ कधी. कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे टपाल कचेऱ्यांची यादी पोस्टमास्तरांच्या नावांसकट आहे आणि ती घरबसल्या पाहता येते. तारखा ओळीने मांडल्या की कारण बहुतेक वेळा समोरच दिसतं. सावध राहायचं ते एवढ्यासाठी, की रेल्वे येण्यापूर्वी टपाल कचेरी अनेकदा एखाद्या शेतकऱ्याच्या घरात, गावाच्या जागेपासून काही मैलांवर असायची. नाव तेच, जागा वेगळी.

इमारत तिथलीच आहे असं मानणं

प्रेअरीत घरं, चर्चं, दुकानं ओंडक्यांवर चढवून सर्रास हलवली जात. रूळ दोन मैल बाजूने गेले तर अख्खं गाव तिकडे सरकायचं. आणि ‘कुणा कुशल गवंड्याने बांधलेलं’ ते देखणं घर ईटन्स या दुकानाच्या कॅटलॉगमधून मागवलेल्या, नंबर टाकलेल्या लाकडांच्या रूपात आगगाडीने आलेलं असू शकतं.

‘इथे आता कोणीच राहत नाही’

लिहिण्याआधी दार वाजवा. अमेरिकेत कॅन्ससमधलं निकोडिमस 1877 मध्ये केंटकीहून आलेल्या, गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी वसवलं. 1888 मध्ये रेल्वेने त्याला वळसा घातला, पण गाव पुसलं गेलं नाही. वंशज आजही दर उन्हाळ्यात तिथे जमतात. त्यांना ‘भुताचं गाव’ म्हणून बघा!

आकड्यांवरही आंधळा विश्वास नको. नेब्रास्कातल्या मोनोवीत एकच रहिवासी, पण 2020 च्या जनगणनेत दोन दिसतात. खासगीपणा जपायला जनगणना खातं मुद्दाम आकडे थोडे हलवतं, म्हणून.

‘रेल्वेपूर्वी इथे काही नव्हतं’

हे वाक्य दिसलं की मी मसुदा परत पाठवते. रूळ रेजायनाला पोचले 1882 मध्ये. त्या भूमीचा करार, ज्याला चौथा करार म्हणतात, तिथल्या मूळ रहिवाशांशी, म्हणजे क्री, सोटो आणि असिनिबॉइन लोकांशी, 1874 मध्येच झाला होता.

गावाच्या ग्रंथावर थांबणं

सस्कॅचवान प्रांताला 1980 मध्ये 75 वर्षं झाली, तेव्हा गावोगावी जाडजूड इतिहास छापले गेले. सोनं आहे ते, पण त्यांत कुटुंबांनी स्वतःच लिहून पाठवलेल्या कहाण्या आहेत. जे दुष्काळात निघून गेले, त्यांची कहाणी पाठवायला कोणी उरलंच नव्हतं. आणि चिनी कॅफेवाला पाहा. असा कॅफे गावोगाव असायचा. ग्रंथात त्याचं नाव बहुधा नुसतं ‘चार्ली’, मुलं त्याच्याकडे आइस्क्रीम खायची एवढंच. त्याने देशात शिरायला पाचशे डॉलरचा डोईकर भरलेला असू शकतो. 1923 ते 1947 चिनी लोकांना कॅनडात जवळपास बंदीच होती, त्यामुळे बायको-मुलं तिकडेच अडकलेली. त्याचं नाव हवं असेल तर 1921 ची जनगणना उघडा. 1931 ची पानंही 2023 पासून खुली आहेत. दोन्हीकडे गावाची पानं ओळ न् ओळ वाचायची, शोधपेटीत नाव टाकून भागत नाही, कारण गणनेवाल्यांनी ती नावं ऐकू येतील तशी लिहिली आहेत. तासभर लागतो. तेवढा नसेल तर कॅफेचा उल्लेखच करू नका.