पायाला रिंग लागणार असेल तर घरच्यांनी काय काय करून ठेवावं

आखूड पाय लांब करायला पायाभोवती रिंगा बसवतात आणि त्या तारांनी हाडाला धरून ठेवतात, त्या रिंगेबद्दल हे. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख तुमच्यावर सोडली तर दिवाळीनंतरची मागा. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि घामाने तारांच्या जागा लवकर चिघळतात. रिंग काही महिनाभरात निघत नाही. ढोबळ हिशेब असा, की १ सेंटीमीटर लांबीमागे मुलांना साधारण एक ते दीड महिना रिंग ठेवावी लागते, मोठ्या माणसाला त्याहून जास्त. ४ सेंटीमीटर वाढवायचं तर चार ते सहा महिने धरा. दिवाळीनंतर लागली तर कडक उन्हाचा काळ शेवटीशेवटी येतो, तोवर घरचेही सरावलेले असतात.

माझा लेक लहानपणी चिंचेवरून पडला. डाव्या नडगीचं हाड मोडलं ते नेमकं गुडघ्याजवळ, हाड जिथून वाढतं त्या चकतीवर. हाड जुळलं, पण पुढे पाय उंचीने मागे पडत गेला आणि थोडा बाकही आला. नववीत जाईपर्यंत ४ सेंटीमीटरचा फरक. मी चाळीसगावात घरीच शिवणकाम करते, त्यामुळे यातलं बरंचसं टेलरच्या नजरेने सांगणार आहे. औषधं तुमचे डॉक्टर सांगतील तीच.

रिंगेची ही पद्धत सायबेरियातल्या कुर्गान शहरातल्या डॉ. इलिझारोव यांनी १९५०च्या दशकात बसवली. हाड कापतात, वर-खाली तारांनी रिंगांना धरून ठेवतात, पाच-सात दिवस काही करत नाहीत, आणि मग रिंगांचे नट फिरवून रोज १ मिलिमीटर दोन्ही टोकं लांब नेतात. मधल्या फटीत नवीन हाड तयार होत जातं. ऐकायला भयंकर वाटतं, पण हाडाची बाजू बहुतेकांची नीट निघते. खरी अडचण पोटरीची. हाड लांबतं तशी पोटरी लांबत नाही. ती घोट्याला मागून ओढत राहते, टाच वर उचलली जाते आणि पाऊल खाली वळतं. लांबी मिळाली पण टाच टेकत नाही, असं झालं तर त्या लांबीचं करायचं काय? म्हणून घरातले सगळे नटाकडे बघत असतील तेव्हा एकाने तरी घोट्याकडे बघायचं.

आधी डॉक्टरांना नीट विचारून घ्या. फरक २ सेंटीमीटरच्या आत असेल तर बहुतेक वेळा बुटाला टाच लावून भागतं. मूल वाढीचं असेल तर चांगल्या पायाची वाढ वेळेवर थांबवायचं लहान ऑपरेशनही असतं. आमच्याकडे हाडाला बाक होता, म्हणून रिंगच ठरली. हाडाच्या आत बसवायचा, बाहेरून चुंबकाने लांबणारा रॉडही निघालाय, पण त्याचा खर्च ऐकून आम्ही तो विषय तिथेच सोडला. आणखी दोन प्रश्न लिहून न्या: मुलाची वाढ पूर्ण होईल तेव्हा फरक किती असेल, आणि रात्री-बेरात्री काही झालं तर फोन कोणाला करायचा. सरकारी योजनेत बसतं का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनच्या आधी विचारा. ड जीवनसत्त्व रक्तात तपासून घ्या, कमी निघालं तर आधीच भरून काढतात. पेशंट मोठा असेल आणि तंबाखू, गुटखा, बिडी चालू असेल तर ती आधी सोडायची. निकोटीनने हाड भरायला वेळ लागतो, आणि इथे एकेक आठवडा मोजावा लागतो.

घरात फार काही लागत नाही. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर वर ठेवायची भोकाची खुर्ची आणा. उंबऱ्याला फळीचा उतार करा. खाट भिंतीपासून सरकवून दोन्ही बाजूंनी जाता येईल अशी ठेवा. आणि घराच्या धाब्यावर, छतावर झोपायचं यंदा नाही, हे पोराला आधीच सांगून टाका.

कपडे मात्र ऑपरेशनच्या आधी शिवून ठेवा, कारण रिंगेवरून कुठलीच पँट जात नाही. रिंगेच्या बाहेर आलेल्या नट-बोल्टसकट टेप फिरवली तर घेर २४-२५ इंच भरतो. मी पायजम्याची मोहरी, म्हणजे खालचा घेर, ३० इंच ठेवली. पायजमा सुतीच घ्या, टेरीकॉट नको. बाहेरची शिलाई कमरेपासून खालपर्यंत उसवून तिथे दोन बोटं रुंद पट्टी लावा आणि टिचबटणं बसवा. वेलक्रो लावू नका, त्याला गॉजचे धागे चिकटतात आणि काढताना तार ओढली जाते. त्याच मापाची रिंगेवर घालायची खोळ शिवा: जुन्या सुती लुगड्याचं दुहेरी कापड, वर-खाली सैल इलॅस्टिक. धूळ, माशी आत जात नाही, गोधडी नटाला अडकत नाही, आणि ‘पायले हाई काय बांधेल शे?’ असं विचारत वाकून बघणाऱ्या आज्यांपासूनही सुटका होते. दोन-तीन खोळी करा, रोज धुवायला लागतात.

आता नट. रिंगांना जोडणाऱ्या सळईला नट एका फेऱ्यात १ मिलिमीटर पुढे जाईल अशी आटी असते. तो एक फेरा चार वेळांत विभागायचा: सकाळी ६, दुपारी १२, संध्याकाळी ६ आणि झोपताना. प्रत्येक वेळी पाव फेरा. पण नटाला बाजू असतात सहा, म्हणजे पाव फेरा होतो दीड बाजूचा, आणि तो अंदाज डोळ्याने लागत नाही. मी प्रत्येक नटाच्या एका कडेला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. सकाळी फिरवल्यावर ठिपका समोर, दुपारी बाहेरच्या बाजूला, संध्याकाळी मागे, रात्री आत. ‘दुपारचं झालं का?’ असं कोणाला विचारावं लागत नाही, ठिपकाच सांगतो. काही रिंगांना खुणा कोरलेला चौकोनी तुकडा असतो, त्यांना हे लागत नाही. कुठल्या दिशेने फिरवायचं ते दवाखान्यात स्वतःच्या हाताने करून दाखवा, मगच घरी या. पाना ते देतात, तरी १०-११ चा एक जास्तीचा आणून ठेवा. पाना नेमका रात्रीच सापडत नाही. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी फोटो काढतात आणि नवीन हाड कसं येतंय ते बघून वेग कमी-जास्त करतात. आपल्या मनाने एक पावही वाढवायचा नाही.

घोट्याचा व्यायाम नटाइतकाच ठरलेल्या वेळी करा. पाय सरळ ठेवून पावलाखालून उपरणं घालायचं, दोन्ही टोकं हातात धरून पाऊल आपल्याकडे ओढायचं, अर्धा मिनिट धरायचं, सोडायचं. पोरगं ओरडतं, शिव्याही देतं, ओढायचंच. पावलाला काटकोनात धरणारी पट्टी दिली असेल तर ती रात्रीही लावायची. गुडघ्याखाली उशी कधीही नको. आराम वाटतो म्हणून आयाबाया हमखास घालतात, आणि गुडघा वाकलेलाच आखडतो. उशी टाचेखाली ठेवा. वॉकर घेऊन पायावर भार द्यायला डॉक्टर सांगतात तेव्हा खरंच द्या, भाराने हाड भरतं.

चालायला बूट लागतो, त्याची एक युक्ती आहे. आखूड पायाच्या चपलेला चांभाराकडून १-१ सेंटीमीटरचे रबरी थर लावून घ्या, पण हलक्या चिकटपट्टीने. पाय लांबेल तसा डॉक्टरांना विचारून एकेक थर काढायचा. आमचा बाजारपेठेतला चांभार थर सोलताना पोरापेक्षा खूश व्हायचा.

तारांच्या जागा दवाखान्यात शिकवतील तशाच पुसा, हात साबणाने धुऊन, प्रत्येक तारेला वेगळा गॉज. शेजारपाजारचे हळद-तूप, खोबरेल, कुठलासा पाला सुचवतील. हाडवैद्याकडून मालिश करून घ्या असंही एक जण सांगेलच. काही लावायचं नाही, कोणाला हात लावू द्यायचा नाही. जागा लाल झाली, पू आला, ताप आला, बोटं बधिर झाली, अंगठा वर उचलेना, पोटरी सुजून कडक झाली, नट फिरेना किंवा ‘टक्’ आवाज होऊन तार सैल पडली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा. दुखणं रात्री वाढतं, पण म्हणून मेडिकलमधून स्वतःहून दुखण्याची गोळी आणू नका. त्यातल्या काही गोळ्यांनी हाड भरायला वेळ लागू शकतो म्हणून बरेच डॉक्टर त्या टाळतात.

खाण्यात दूध, दही, अंडी, डाळी, तिळाची चटणी. कळण्याची भाकरी आपल्याकडे असतेच, उडदामुळे प्रथिनंही मिळतात. बघायला येणारे फणीच्या फणी केळी आणतात. पोट साफ राहायला बरी, पण केळ्याने हाड भरत नाही. कोणी ‘काय आणू’ विचारलं तर अंडी सांगा.

पोराची रिंग बघून गल्लीतला एक मुलगा विचारायला आला. पोलीस भरतीला पुरुषांची उंची १६५ सेंटीमीटर लागते, त्याला थोडी कमी पडत होती, तर दोन्ही पाय वाढवून मिळतील का? मिळतील, पैसे असतील तर. पण त्याच भरतीत १६०० मीटर पळायचंही असतं. धडधाकट पोटऱ्या कापून-ओढून त्या जोरावर पळायला जाणं मला पटत नाही, आणि मी त्याला तसं तोंडावर सांगितलं. ज्याचा पाय आखूड आहे, कंबर वाकडी होतेय, त्याने हे सोसावं.

लांबी पुरी झाली की नट फिरवायचं थांबतं, पण रिंग तशीच राहते. या काळात घरचे ढिले पडतात, व्यायाम सुटतो. सोडू नका. फोटोत नव्या हाडाच्या चार कडांपैकी तीन नीट भरलेल्या दिसल्या की साधारणपणे रिंग काढायचा विचार करतात. काढण्याआधी नट सैल करून काही दिवस चालवून बघतात. नंतर प्लास्टर किंवा पट्टा असतो, कारण नवं हाड अजून कच्चं असतं आणि पडलं तर तिथेच मोडतं. सायकल, क्रिकेट, विहिरीत पोहणं, सगळं डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. वर्गशिक्षकांना चिठ्ठी देऊन वर्ग तळमजल्यावर मागा, दप्तर दुसऱ्याने उचलायचं. आणि नवे बूट लगेच घेऊ नका. सूज उतरायला वेळ लागतो, शिवाय दोन्ही पावलांचं माप एकच असेल असं नाही, तेव्हा दोन्ही पाय घालून बघूनच घ्या.