हाय प्लेन्सच्या सिंचनावर लिहिताय? या चुका टाळा

कृषी अभियांत्रिकीच्या मुलांचे अमेरिकेतल्या हाय प्लेन्सवरच्या, म्हणजे रॉकी पर्वताच्या पूर्वेकडच्या कोरड्या पठारावरच्या, 1950 च्या दशकातल्या सिंचनावरचे प्रकल्प माझ्याकडे तपासायला येतात. चुका दरवर्षी त्याच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे या पठाराखालच्या ओगलाला जलधराला (पाणी साठवणाऱ्या भूस्तराला) आपल्या विहिरीचे नियम लावणं. आपल्याकडे पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांत असतं. उन्हाळ्यात विहीर तळ गाठते, पावसाळ्यात पुन्हा भरते. ओगलाला म्हणजे रॉकी पर्वतातून वाहून आलेल्या वाळू-गोट्यांचा जाड थर. त्यातलं पाणी हजारो वर्षं मुरत साठलेलं आहे, आणि टेक्ससच्या पठारावर बहुतेक ठिकाणी वर्षाला इंचभरही नव्याने मुरत नाही. 1950 च्या दशकातल्या तिथल्या दुष्काळाबद्दल एका हुशार मुलाने लिहिलं, '1957 च्या पावसाने दुष्काळ संपला आणि विहिरी पुन्हा भरल्या.' अर्धं वाक्य खरं. उरलेल्या अर्ध्यावर त्याने पुढची सगळी प्रकरणं रचली होती: पंपाचे तास, पाण्याचा ताळेबंद, खर्च. पाऊस आला, कुरणं हिरवी झाली. पण दुष्काळात बसवलेले पंप कोणी काढून ठेवले नाहीत आणि पातळी उतरतच राहिली. सादरीकरण तोंडावर आलेलं असताना सगळं नव्याने लिहावं लागलं. आकड्यांना हात लावण्याआधी मी आता जमिनीचा उभा छेद पेन्सिलने काढायला लावते: माती, कडक चुनखडी, वाळू, पाण्याची पातळी. तेवढाही धीर नसेल तर हा विषय घेऊच नये.

दुसरी चूक उपग्रहचित्रं बघून होते. हिरवी वर्तुळं दिसली की मुलं 1950 च्या शेतात सेंटर पिव्हट (मधल्या खांबाभोवती गोल फिरत पाणी देणारं यंत्र) उभा करतात. तो शोधणाऱ्या फ्रँक झायबाखला त्याचं पेटंट 1952 साली मिळालं, आणि यंत्र सर्रास दिसायला पुढची बरीच वर्षं गेली. तोवर पाणी सऱ्यांनीच. चारीच्या काठावर वाकवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या ओळीने मांडलेल्या. नळी चारीत बुडवून भरायची, एक तोंड तळहाताने दाबून धरायचं आणि ते झटक्यात काठापलीकडे सरीत टाकायचं; दुसरं तोंड चारीतच बुडालेलं राहतं. हात उशिरा सुटला तर चालेल, लवकर सुटला की हवा शिरते आणि पुन्हा पहिल्यापासून. मी प्रत्येक यंत्रापुढे समासात साल लिहिते. गुगलवरचं चित्र हा पुरावा नव्हे.

पवनचक्कीवर कापूस भिजवू नका. ती रँचवर गुरांच्या हौदापुरती. कापसाच्या विहिरीवर बरेचदा मोटारीचं इंजिन असे.

एकर-फूट, म्हणजे एक एकरावर एक फूट उंच साचेल एवढं पाणी, सुमारे 12.33 लाख लिटर. गॅलनचे लिटर एकदाच, सुरुवातीला करून टाका.

टेक्ससात जमिनीखालचं पाणी जमीनमालकाचं, शेजारच्या न्यू मेक्सिकोत ते सार्वजनिक मालकीचं. एका राज्याचा कायदा अख्ख्या पठाराला लावू नका.