रेसिंग टीममध्ये जायचंय? आधी आटे मोजायला शिका

मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाची मुलं कॉलेजच्या रेसिंग टीमच्या वर्कशॉपमध्ये शिरली की पहिला प्रश्न ठरलेला: "टॉप स्पीड किती?" उत्तर ऐकून चेहरे पडतात. फॉर्म्युला स्टुडंट म्हणजे कॉलेजच्या टीमनी स्वतः बनवलेल्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा. तिथल्या गाडीला ७१० सीसीपर्यंतचं इंजिन चालतं, पण ते पेट्रोलवरचं असेल तर त्याची सगळी हवा २० मिलिमीटरच्या एका गळ्यातूनच गेली पाहिजे. याला रिस्ट्रिक्टर म्हणतात, आणि माझ्या मते या स्पर्धेतली सगळ्यात मजेदार गोष्ट हीच.

त्या गळ्यात हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला भिडला की संपलं. पुढे इंजिनाने कितीही ओढलं तरी सेकंदाला साधारण ७० ग्रॅमच्या वर हवा मिळत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच टीम चाकणला बनणारं केटीएम ३९०चं इंजिन घेतात. ते एका सिलिंडरचं, म्हणजे हवा सलग न घेता घोटाघोटाने घेणारं. म्हणून मध्ये प्लेनम, म्हणजे हवेचा एक मोठा डबा बसवायचा, की ओढ जरा सारखी होते. गळ्यानंतरची नळी हळूहळू रुंद करत नेली की पडलेला दाब बराचसा परत मिळतो. घाईने रुंद केली तर हवा नळीची भिंत सोडते आणि दाब परत मिळत नाही, सावकाश केली तर नळी सीटमागे मावत नाही. टीममधली निम्मी भांडणं याच्यावरच होतात!

फॉर्म्युला वनमध्येही तेच. २०१४ मध्ये तिथे इंधनाचा प्रवाह तासाला १०० किलोवर बांधला गेला. त्या बंधनात राहून मर्सिडीजने २०१७ मध्ये टेस्ट बेंचवर ५० टक्क्यांहून जास्त औष्णिक कार्यक्षमता गाठली, म्हणजे इंधनातल्या निम्म्याहून जास्त ऊर्जेचं काम करून घेतलं. आपल्या रोजच्या पेट्रोल गाड्या चाळिशीला क्वचितच पोचतात.

फॉर्म्युला भारत, म्हणजे याच धर्तीच्या आपल्याकडच्या स्पर्धेसाठी कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर गेलात की गाडी पळवण्याआधी तपासणीची रांग लागते. तपासनीस वाकून लॉकनट, म्हणजे थरथरून सैल न होणारे नट बघतात, नटाबाहेर बोल्टचे किमान दोन पूर्ण आटे दिसलेच पाहिजेत. गाडी ६० अंशांत कलती करतात. ऑइलचा थेंब गळला तर परत पाठवतात. ड्रायव्हरने पाच सेकंदांत बाहेर यायचं. ब्रेक दाबल्यावर चारही चाकं लॉक व्हायला हवीत.

शिवाय कॉस्ट रिपोर्ट असतो. त्यात वॉशरचीसुद्धा किंमत लिहायची. कंटाळवाणं काम आहे, पण गुण भरपूर.

सगळ्यात जास्त गुण सुमारे २२ किलोमीटरच्या एन्ड्युरन्सला, म्हणजे लांब पल्ल्याच्या फेरीला. अर्ध्या वाटेत ड्रायव्हर बदलताना इंजिन बंद करावं लागतं आणि तापलेलं इंजिन परत सुरू होईलच याचा भरवसा नसतो. तिथे अडकलेल्या गाडीत दोष बऱ्याचदा एखाद्या सैल कनेक्टरचा निघतो. सस्पेन्शन आणि एरोला (गाडीच्या पंखांसारख्या भागांना) दरवर्षी झुंबड असते, वायरिंगकडे कोणी फिरकत नाही. टीममध्ये जागा हवी असेल तर वायरिंग मागा, आणि क्रिम्पिंग टूल, म्हणजे तारेला कनेक्टर दाबून बसवायचं हत्यार, नीट धरायला आधीच शिकून जा.