जयविलास बघायचा असेल तर आधी बाहेर थांबा

आमच्याकडे ग्वाल्हेरला पाहुणे आले की पहिली फर्माईश जयविलास महालाची, आणि आत शिरले की सगळे धावतात झुंबरं बघायला. मी त्यांना आधी बाहेरच थांबवते, कारण महाल खरा कळतो तो बाहेरून.

खालून वर बघत जायचं. तीन मजले आहेत आणि प्रत्येकाची स्टाईल वेगळी. खालचा टस्कन, म्हणजे खांब जाडसर आणि वरचं टोक साधं, नक्षी जवळजवळ नाहीच. मधला इटालियन डोरिक, म्हणजे खांब टस्कनपेक्षा जरा सडपातळ, पण टोक साधंच. वरचा कोरिंथियन, तिथे मोबाईलचा झूम लावा, कारण कोरिंथियनची खूण म्हणजे खांबाच्या डोक्यावर कातरलेल्या पानांचा गुच्छ, एकदा डोळ्यात बसला की परत कुठेही चुकत नाही. खाली दणकट आणि वर नाजूक हा क्रम जुन्या रोमन इमारतींपासून चालत आलाय, डोळ्यालाही पटतं ना, भार पेलणारा खालचाच. कमानी पण बघून घ्या, आपल्या वाड्यात पाकळ्या-पाकळ्यांची महिरप असते, इटालियन कमान म्हणजे सरळ अर्धगोल.

आता हे सगळं ग्वाल्हेरात कुठून आलं? जयाजीराव शिंद्यांनी 1874 मध्ये बांधून घेतला, प्रिन्स ऑफ वेल्स येणार होता म्हणून (तो पुढे सातवा एडवर्ड झाला). आर्किटेक्ट मायकेल फिलोज. हा काही बाहेरून बोलावलेला साहेब नव्हता बरं का, फिलोज घराणं मूळचं इटलीतल्या नेपल्सचं पण पिढ्यानपिढ्या शिंद्यांच्या चाकरीत, दौलतरावांच्या फौजेत याच घरातला सरदार होता. म्हणून मला हा महाल परका वाटतच नाही.

मग चौकात या आणि मधोमध उभे राहा. चारी बाजूंनी इमारत, मध्ये मोकळं आकाश, इटलीतल्या मोठ्या घरांना असाच चौक असतो आणि आपल्या वाड्यांनाही, त्यामुळे मराठी माणसाला इथे लगेच घरच्यासारखं वाटतं.

दरबार हॉल सगळ्यात शेवटी ठेवा. झुंबरं दोन, एकेक साडेतीन टनांचं, आणि ती टांगायच्या आधी छत पेलतंय का बघायला वर हत्ती चढवले होते असं सांगतात. मुलांना तिथे आधी छत दाखवा, मग झुंबर.